परदेशची फी आणि घरची जमीन

परदेशांतील विद्यापीठांत प्रवेश मिळाल्याचें पत्र आलें म्हणजे घरोघर पेढे वांटण्याची आपल्याकडे चाल आहे, आणि ती वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्या पत्राच्या दुसऱ्या पानावर एक रक्कम व एक तारीख छापलेली असते, तिकडे पेढे वांटणाऱ्यांचें लक्ष पुष्कळ उशिरां जातें. मुलाची बुद्धि, इंग्रजीच्या परीक्षेंतील गुण, व्हिसा मिळेल कीं नाहीं, या सर्व गोष्टींची चर्चा वर्षभर चालते. पैसा मात्र कोणत्या वाटेनें, कोणाच्या नांवानें आणि कोणत्या दिवशीं जावयाचा याचा विचार शेवटच्या पंधरवड्यांत सुरू होतो. मग धांवाधांव होते, आणि त्या धांवाधांवींत कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांतील कुटुंबांपुढें जो मार्ग सर्वांत सोपा म्हणून उभा राहतो तो जमीन विकण्याचा होय. चार-सहा महिन्यांची नड भागविण्यासाठीं पिढ्यान् पिढ्यांची वस्तु हातची जाते. या नडीचें खरें स्वरूप काय, आणि ती भागविणें आपल्याच बाजारपेठांच्या आवाक्यांतील कसें आहे, हें आज आमच्या वाचकांपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

या दोन तालुक्यांची गोष्ट इतर कोंकणाहून थोडी निराळी आहे. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी गेली तेव्हांपासून येथील माणसाचें एक पाऊल मुंबईंत व दुसरें पुण्यांत असतें. पुढें द्रुतगति महामार्ग झाला, खालापूरचा टोलनाका साऱ्या देशाच्या परिचयाचा झाला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन झालें. ज्या तालुक्याच्या नांवानें संशोधन केंद्रांत तयार झालेलीं भाताचीं वाणें कोंकणभर पेरलीं जातात, त्याच तालुक्यांत भाताच्या खाचरापेक्षां त्या खाचराच्या सात-बाराला अधिक भाव आला. नेरळ, कडाव, कशेळे, चौक, वावोशी, कोणत्याहि रस्त्यानें जा, जमीन घेणें आहे व देणें आहे अशा पाट्या दुतर्फा दिसतात. अशा मुलखांत मुलाच्या फीची तारीख जवळ आली कीं गिऱ्हाईक शोधावें लागत नाहीं; गिऱ्हाईक दारांत उभेंच असतें, आणि नडलेला विकणारा म्हणजे त्याला पर्वणीच.

येथें कोणी विचारील कीं जमीन विकण्याऐवजीं ती बँकेकडे तारण कां ठेवीत नाहींत? उत्तर असें कीं शिक्षणाच्या कर्जासाठीं बहुतेक बँका शेतजमीन तारण म्हणून स्वीकारीत नाहींत. त्यांना बिनशेती भूखंड, घर, गाळा किंवा मुदतीची ठेव पाहिजे असते. तारणाशिवाय मिळणारें कर्ज सरकारच्या हमीयोजनेखालीं साडेसात लाख रुपयांपर्यंतच सामान्यतः मिळतें. त्यापलीकडे कांहीं नामांकित विद्यापीठांसाठीं बँका हात सैल सोडतात, अथवा खासगी वित्तसंस्था अधिक व्याजानें पैसे देतात. ज्याचा खोपोलीच्या पेठेंत गाळा आहे त्याला म्हणून कर्ज मिळतें, आणि ज्याची पांच एकर भातशेती आहे त्याला मिळत नाहीं. किंमतीनें शेत मोठें असलें तरी तें बँकेच्या पुस्तकांत शून्य धरलें जातें. कायद्याच्या दृष्टीनें याला कारणें असतील, तीं आम्हांस ठाऊक आहेत. परंतु त्याचा परिणाम असा होतो कीं शेतकऱ्याला आपली जमीन राखून तिच्यावर पैसा उभारण्याची वाट नाहीं आणि ती कायमची विकून टाकण्याची वाट मात्र सताड उघडी आहे.

बरें, फीची म्हणून जी रक्कम सांगितली जाते तेवढीच लागते असेंहि नाहीं. परदेशचीं सरकारें दोन प्रकारचे पैसे मागतात: एक भरण्याचे व दुसरे दाखविण्याचे. जर्मनीचें उदाहरण घ्या. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणाची फी नाहीं म्हणून आपल्याकडे त्या देशाची मोठी कीर्ति आहे, आणि ती खोटीहि नाहीं; मात्र बाडेन-व्युर्टेंबर्ग प्रांतांत युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सहामाहीस १,५०० युरो द्यावे लागतात. पण फी नसली तरी वर्षाच्या निर्वाहाची रक्कम एका बंद खात्यांत अगोदर भरल्याशिवाय व्हिसा सामान्यतः मिळत नाहीं. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो झाली. त्यांतून दरमहा ९९२ युरोच काढतां येतात. कॅनडानें हीच अट कशी वाढवीत नेली पाहा: २०२३ अखेरपर्यंत १०,००० डॉलर, १ जानेवारी २०२४ पासून २०,६३५ आणि १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनडियन डॉलर, यांत फी व प्रवासखर्च धरलेला नाहीं. इंग्लंडचा कायदा सांगतो कीं पैसे खात्यांत सलग २८ दिवस असले पाहिजेत. सत्तावीस दिवस असले तर नसल्यासारखेच.

दाखविण्याच्या या पैशांतूनच आपल्याकडे एक नवी सावकारी जन्मास आली आहे. महिनाभर खात्यांत लाखों रुपये ठेवून देतो, व्हिसा झाला कीं काढून घेतो, मधल्या काळाचें व्याज मात्र आगाऊ द्या, असें सांगणारे दलाल शहरोशहरीं आढळतात. यांत नुसतें व्याज जातें असें समजूं नये. उसना पैसा आपला म्हणून दाखविणें ही परकी सरकारची फसवणूक ठरते, आणि पकडलें गेल्यास विद्यार्थ्याला त्या देशाचें दार अनेक वर्षें बंद होऊं शकतें. दलालाचें दुकान मात्र दुसऱ्या दिवशीं उघडेंच असतें.

आतां हुंडणावळीकडे वळूं. हा शब्द आमच्या व्यापारी वाचकांच्या आजोबांस चांगला परिचित होता. रुपया आणि पौंड यांच्या भावावरून या देशांत जीं वर्तमानपत्री युद्धें झालीं तीं त्यांनीं वाचलीं होतीं. पुढें स्वराज्य आलें, आणि ६ जून १९६६ रोजीं डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून एका रात्रींत ७ रुपये ५० पैसे झाला. त्या दिवशीं अमेरिकेंत शिकत असलेल्या मुलाच्या बापाला कोणताहि अपराध नसतां पूर्वींच्या दीडपटीहून अधिक भार उचलावा लागला. १९९१ च्या जुलैंत दोन हप्त्यांनीं पुनः तसेंच झालें. आज भाव एका रात्रींत कोसळत नाहीं, तो झिरपत उतरतो, आणि म्हणूनच तो लक्षांत येत नाहीं. २०२२ च्या आरंभीं एक डॉलर ७५ रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर २०२५ मध्यें त्यानें ९० ची मर्यादा ओलांडली. ३०,००० डॉलर फीचा हिशेब पंचाहत्तर रुपयांनीं केला तर साडेबावीस लाख होतो, नव्वदीनें केला तर सत्तावीस लाख. विद्यापीठानें फी एका पैनेंहि वाढविली नाहीं, तरी साडेचार लाख रुपये वाढले!

यांतील खरी मेख दुसऱ्या वर्षाच्या हप्त्यांत आहे. बँक कर्ज मंजूर करते तें रुपयांत. विद्यापीठ मागतें डॉलरांत. पहिल्या वर्षीं काठावर बसलेला हिशेब दुसऱ्या वर्षीं दोन-तीन लाखांनीं तोकडा पडतो, आणि त्या वेळीं मुलगा अर्ध्या अभ्यासावर असल्यामुळें मागें फिरण्याची सोय नसते. आमच्या समजुतीनें जमीन विकण्याचा निर्णय पहिल्या हप्त्याच्या वेळीं जितका होतो, तितकाच या दुसऱ्या हप्त्याच्या वेळीं होतो, आणि दुसऱ्या वेळचा भाव पहिल्यापेक्षां नेहमींच पडका असतो. ज्या घरांत दोन वर्षांचा अभ्यासक्रम ठरला असेल तेथें मंजूर कर्जाखेरीज एकदशांश तरी रक्कम केवळ हुंडणावळीसाठीं बाजूस ठेवली पाहिजे.

एक योगायोग येथें सांगण्यासारखा आहे. आपल्याच जिल्ह्यांत, रायगडाच्या पायथ्याजवळ नाते गांवीं १८९६ सालीं जन्मलेले चिंतामणराव देशमुख केंब्रिजला जाऊन शिकले, आणि पुढें १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. परकी चलनाच्या नियंत्रणाचा १९४७ चा कायदा त्यांच्याच कारकीर्दींत अमलांत आला. जो स्वतः समुद्र ओलांडून शिकून आला त्याच्याच हातीं समुद्रापार जाणाऱ्या प्रत्येक पौंडाची किल्ली आली! त्यानंतरचीं कित्येक दशकें परदेशीं फी पाठवावयाची म्हणजे रिझर्व्ह बँकेची परवानगी, आणि खिशांत नेण्यास मिळावयाचे ते मोजके आठ डॉलर, असा काळ आपल्याकडील अनेक वृद्ध गृहस्थ अजून सांगतात.

तो काळ गेला. २००४ सालीं रिझर्व्ह बँकेनें उदारीकृत प्रेषण योजना काढली. तीखालीं प्रथम वर्षास २५,००० डॉलर पाठवितां येत होते, २०१५ पासून ही मर्यादा २,५०,००० डॉलर झाली. पॅन क्रमांक, ए-दोन नांवाचा अर्ज, विद्यापीठाचें प्रवेशपत्र आणि फीचें पत्रक, एवढ्या कागदांवर बँक पैसे पाठविते. म्हणजे परवानगीची अडचण आतां राहिलेली नाहीं, आणि त्याबद्दल कोणास तक्रार करण्याचें कारण नाहीं. तिच्या जागीं दुसरी एक गोष्ट आली आहे, तिचें नांव उगमस्थानीं जमा होणारा कर. ऑक्टोबर २०२० पासून सात लाखांवरील रकमेवर हा कर बँक कापून घेऊं लागली. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा दहा लाख झाली, आणि मान्य संस्थेकडून काढलेल्या शैक्षणिक कर्जाच्या पैशांवरील हा कर अजिबात काढून टाकण्यांत आला. स्वतःच्या पैशांतून फी भरणारास मात्र तो द्यावा लागतो. २०२५-२६ सालच्या शेंकडा पांच या दरानें हिशेब केला तर पंचवीस लाख पाठविणारास दहा लाख वजा जातां पंधरा लाखांवर पंचाहत्तर हजार रुपये अधिक मोजावे लागत. हे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, यास्तव पैसे पाठविण्यापूर्वीं त्या वर्षाचा दर बँकेंत विचारून घ्यावा.

हा पैसा बुडत नाहीं, ही गोष्ट आम्ही मुद्दाम ठळकपणें सांगतों. प्राप्तिकराचें विवरण भरलें कीं तो देय करांत वळता होतो किंवा परत मिळतो. परंतु ज्यांचें उत्पन्न शेतीचें, ज्यांनीं जन्मांत विवरणपत्र भरलें नाहीं, अशा कुटुंबांना हें कोणी सांगत नाहीं, आणि त्यांचे पंचाहत्तर हजार सरकारच्या तिजोरींत निवांत पडून राहतात. श्रीमंताचा हिशेबनीस दुसऱ्याच महिन्यांत ते वळते करून घेतो. शिवाय मर्यादा पाठविणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला निराळी आहे. बाप व आई या दोघांचेंहि खरें व स्वतंत्र उत्पन्न असेल तर दोघांनीं आपापल्या खात्यांतून पाठविल्यास हा भार हलका होतो. ज्या कर्जावर हा कर नाहीं तें कर्ज ज्याच्याकडे गाळा आहे त्यालाच मिळतें, आणि शेत विकून रोख आणणारावर मात्र कर बसतो, ही विसंगति अर्थखात्याच्या लक्षांत कोणी तरी आणून दिली पाहिजे.

बँकेच्या खिडकीवरहि डोळे उघडे ठेवावेत. वर्तमानपत्रांत छापलेला डॉलरचा भाव आणि बँकेनें लावलेला भाव यांत अंतर असतें. समजा बाजारभाव ९० आहे व बँकेनें साडेएक्याण्णव लावला, तर २०,००० डॉलरांवर तीस हजार रुपये गेले. आणि फी पाठविण्याचा आकार म्हणून जे हजार-पांचशें घेतले त्यावरच ग्राहक वाद घालीत बसतो! दाण्याच्या भावांत दोन पैशांसाठीं घासाघीस करणारे आमचे व्यापारी बंधू येथें मुकाट्यानें मान कां डोलावतात हें आम्हांस कळत नाहीं. दोन-तीन बँकांत एकाच दिवशीं भाव विचारावा. मधल्या परकी बँकांचा आकार कोण देणार हें लिहून घ्यावें, नाहीं तर विद्यापीठाकडे वीस-पंचवीस डॉलर कमी पोंचतात आणि तेवढ्यासाठीं फी अपुरी म्हणून नोंद होते. तालुक्याच्या प्रत्येक शाखेंत परकी चलनाचें काम होत नाहीं. कागद मोठ्या शाखेकडे जाऊन येण्यांत दिवस मोडतात, तेव्हां मुदतीच्या आदल्या दिवशीं बँकेंत जाणें म्हणजे मुदत चुकविणेंच होय.

पैसे जावेत ते विद्यापीठाच्या खात्यांत अगर विद्यापीठानें आपल्या अधिकृत पत्रकांत नेमून दिलेल्या संस्थेमार्फत, मध्यस्थाच्या खात्यांत कधींहि जाऊं नयेत. फींत सवलत मिळवून देतों, रुपये आमच्याकडे द्या, आम्ही तिकडे परस्पर भरतों, असें कोणी म्हणालें तर तेथून उठावें. चोरलेल्या कार्डांवरून फी भरून तिकडे पावती दाखवावयाची, इकडे रोख घ्यावयाची, आणि महिन्यानें तो भरणा रद्द झाला कीं विद्यार्थी वर्गाबाहेर, अशीं प्रकरणें इंग्लंड-अमेरिकेंत घडलेलीं आहेत. आणखी एक कागद आधीं वाचावा, तो फी परत मिळण्याच्या नियमांचा. व्हिसा नाकारला गेल्यास पुष्कळ विद्यापीठें अनामत परत देतात, पण विशिष्ट मुदतींत नकाराचें पत्र सादर केलें तरच. आणि मुलानें आपणहून बेत बदलला तर बहुधा देत नाहींत.

इतका पैशाचा पाढा वाचल्यावर कोणास वाटेल कीं परदेशचें शिक्षण हा श्रीमंतांचा छंद आहे, गरिबानें त्या वाटेस जाऊं नये. आमचें मत नेमकें उलट आहे, आणि त्याला या महाराष्ट्रांतील सर्वांत थोर दाखला आहे. डॉक्टर आंबेडकर १९१३ सालीं कोलंबिया विद्यापीठांत गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षें. १९१६ सालीं ते लंडनच्या अर्थशास्त्रशाळेंत दाखल झाले, आणि १९१७ सालीं त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावें लागलें. कारण त्यांची बुद्धि कमी पडली नव्हती, शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. पुढें मुंबईस सिडेनहॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून त्यांनीं पैसे सांठविले, शाहू छत्रपतींनीं साह्य केलें, नवल भथेना या पारशी मित्रानें पांच हजार रुपये कर्जाऊ दिले, आणि १९२० सालीं ते पुनः लंडनला गेले. १९२३ सालीं त्यांना डी. एस्सी. मिळाली. या मधल्या काळांत रमाबाईंनीं मुंबईंत संसार कसा चालविला तो हिशेब कोणत्याहि बँकेच्या पुस्तकांत नाहीं. भथेनांचे ते पांच हजार रुपये दान नव्हते, कर्ज होतें. एकूण खर्चाचा तो एक लहानसा भाग होता. पण तो हवा त्या महिन्यांत हातीं आला. चार वर्षांनीं याच आपल्या तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांत, महाडास, चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला.

आज सयाजीरावांच्या जागीं सरकार आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीं महाराष्ट्र सरकारची राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाची परदेश शिष्यवृत्ति आहे, तिच्या वर्षास ७५ जागा. आदिवासी व इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठींहि स्वतंत्र योजना आहेत. मध्यवर्ती सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ति १९५४-५५ पासून चालू आहे. या योजना उत्तम आहेत. परंतु जुलै २०२५ मध्यें त्या मध्यवर्ती शिष्यवृत्तीसाठीं १०६ विद्यार्थी निवडले गेले असतां आरंभीं पत्रें मिळालीं तीं फक्त ४० जणांना. उरलेल्या ६६ जणांना निधि उपलब्ध झाल्यास पत्रें देऊं असें कळविण्यांत आलें. तिकडे विद्यापीठाची मुदत कोणासाठीं थांबत नाहीं. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी कर्जावरील व्याज भरणारी ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून बंद झाली, आणि २०२४ सालीं सुरू झालेली प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजना देशांतील निवडक संस्थांपुरतीच आहे. कर्जत-खालापूरच्या डोंगरांतील कातकरी व ठाकूर वाड्यांवरचा मुलगा या अरण्यांतून वाट काढील कशी? त्याच्या घरीं विकावयास जमीनहि नसते. पदवीपर्यंत पोंचलेल्या त्या मुलाला अर्ज कोणत्या महिन्यांत करावयाचा एवढें सांगणारा एक माणूस पंचायत समितीच्या कचेरींत नेमला तरी पुष्कळ होईल.

जमिनीच्या विक्रीची आणखी एक बाजू आहे, आणि तिच्याविषयीं लिहितांना आम्ही कोणाची भीड धरणार नाहीं. महाराष्ट्रांत १९९४ पासून व साऱ्या देशांत २००५ पासून हिंदु कुटुंबांतील मुलीला वडिलार्जित जमिनींत मुलाइतकाच वांटा आहे. तेव्हां भावाच्या फीसाठीं वडिलार्जित शेत विकलें जातें त्यांत बहिणीचाहि भाग विकला जातो. तिच्याकडून हक्कसोड पत्रावर सही घेतात, भाऊबीजेची आठवण करून देतात, आणि ती सही करते. भाऊ तिकडे शिकतो, कमावतो. बहिणीचा वांटा कोणत्या वहींत जमा धरला आहे? तिलाच परदेशीं जावयाचें असेल तर मात्र लग्नाचा खर्च पुढें असल्याचें सांगण्यांत येतें. फीसाठीं जमीन विकणें अटळच असेल तर बहिणीच्या वांट्याची रक्कम तिच्या नांवें ठेव म्हणून प्रथम बाजूस काढावी, अथवा भावानें तिला कर्जरोखा लिहून द्यावा. घरांत कागद कशाला, असें म्हणणारांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं हक्कसोड पत्र हा देखील कागदच आहे.

आतां, प्रत्येक मुलानें जावेंच काय? तसें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. शिक्षणानंतर तिकडे राहून कर्ज फेडण्याचा काळ आंखूड होत चालला आहे. इंग्लंडनें पदवीनंतरची दोन वर्षांची मुभा १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना अठरा महिन्यांवर आणण्याचें ठरविलें आहे. अठरा महिन्यांत चाळीस लाख फिटतील असा हिशेब ज्याला मांडतां येत नाहीं त्यानें पेढे वांटूं नयेत. दरम्यान परदेशचीं विद्यापीठेंच आपल्या दाराशीं येऊं लागलीं आहेत: जून २०२५ मध्यें ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय तंत्रविद्या संस्था व इटलीची एक कलासंस्था यांना मुंबई-नवी मुंबई परिसरांत शाखा काढण्यासाठीं इरादापत्रें देण्यांत आलीं. कर्जतच्या डोंगरांच्या कुशींतहि खासगी विद्यापीठें उभीं राहिलीं आहेत. तेथील फी हलकी नाहीं, परंतु ती रुपयांत भरावयाची असल्यानें हुंडणावळीचा फेरा तरी चुकतो. जें शिक्षण येथें मिळतें त्यासाठीं शेत विकून सातासमुद्रापार जाण्यांत पुरुषार्थ नाहीं; जें मिळत नाहीं त्यासाठीं मात्र गेलेंच पाहिजे.

अशांसाठीं काय करतां येईल? १८९२ सालीं जमशेटजी टाटांनीं परदेशीं शिकणाऱ्यांसाठीं एक निधि स्थापन केला, आणि तो दान म्हणून न देतां कर्ज म्हणून देण्याची पद्धत पाडली. एकानें फेडलें कीं तेंच दुसऱ्यास मिळावें. त्या निधीच्या पहिल्या मानकऱ्यांत दोन स्त्रिया होत्या, फ्रेनी कामा आणि आपल्या कृष्णाबाई केळवकर, दोघीहि डॉक्टर. तो निधि आजहि चालू आहे. टाटांचें नांव आपल्या तालुक्यांना परकें नाहीं. १९१५ सालीं खोपोलीस व १९२२ सालीं भिवपुरीस त्यांचीं वीजगृहें सुरू झालीं. घाटमाथ्यावर सांठविलेलें पाणी नळांतून खालीं आणून त्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. आपल्या पेठांत सांठलेला पैसा अशाच युक्तीनें कामीं लावतां येईल.

कर्जत, नेरळ, खोपोली येथील पन्नास व्यापाऱ्यांनीं प्रत्येकीं पन्नास हजार रुपये घातले तर पंचवीस लाख होतात. ही रक्कम कोणाची सगळी फी भरण्यासाठीं नाहीं. बँकेचें कर्ज मंजूर आहे पण हातीं आलेलें नाहीं, शिष्यवृत्तीची निवड झाली पण हप्ता आलेला नाहीं, हुंडणावळीनें दोन-तीन लाख कमी पडतात, किंवा कापलेला कर परत यावयाचा आहे, एवढ्याच नडींसाठीं पांच लाखांपर्यंत सहा ते बारा महिन्यांच्या मुदतीनें ती द्यावी. म्हणजे एका वेळीं पांच विद्यार्थी निभतात, आणि वर्षभरांत पैसा फिरून येतो. सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीं तिची नोंद व्हावी, हिशेब दरवर्षीं प्रसिद्ध व्हावा, आणि पैसे विद्यार्थ्याच्या बँकखात्यांतच जावेत, हातीं रोख देऊं नये. पांच जागांपैकीं दोन मुलींसाठीं व एक आदिवासी वाड्यांवरील विद्यार्थ्यासाठीं राखून ठेवावी. व्यापारी विचारतील, मुलगा तिकडेच राहिला आणि फेडलें नाहीं तर? कांहीं बुडेल, उधारीच्या धंद्यांत कांहीं बुडतेंच, हें त्यांना आम्ही शिकवावें असें नाहीं. परंतु ज्याची मंजुरी बँकेंत पडली आहे तेथें बँकेकडून हप्ता येतांच निधीची रक्कम प्रथम वळती करण्याचें विद्यार्थ्याचें व पालकांचें लेखी संमतिपत्र आधींच घ्यावें, म्हणजे बुडण्याची भीति पुष्कळ कमी होते.

परदेशांतील शरद-सत्राचीं प्रवेशपत्रें साधारण जानेवारीनंतर येऊं लागतात, आणि अनामतीच्या मुदती मार्च ते जून या काळांत पडतात. तेव्हां निधीची पहिली सभा दिवाळीनंतर, भात घरांत आल्यावर आणि पेठेंतील वह्यांचें काम आटोपल्यावर भरविणें सोयीचें होईल. ती कर्जतला भरावी कीं खोपोलीला, यावरच वाद होण्याचा संभव आम्हांस दिसतो. तसा झाल्यास ती चौकला भरवावी. दोघांनाहि तें वाटेवर पडतें.